तळपायाची चाचणी

मोतमाऊलीच्या जत्रेला पायी निघणाऱ्यांची नोंदणी पहाटेपासून चर्चच्या हॉलमध्ये चालू होती. मधुमेहींचे तळपाय तपासून तपासून स्वयंसेविका मेलिशाची कंबर धरली होती. पंचेचाळिसावे संतानकाका.

"डोळे मिटा. नायलॉनचा दोरा टेकला की 'हो' म्हणा."

काका दर वेळी अचूक 'हो' म्हणत होते. मेलिशाने मान वर केली. मागे उभ्या काकू दर वेळी त्यांचा खांदा दाबत होत्या.

"काकू, तुम्ही तिकडे बसा."

मग तिने तीनदा दोरा टेकवला. काका गप्प. नंतर काहीच टेकलेलं नसताना ते घाईने म्हणाले, "हो."

"काका, वाटेत जखम झाली तरी तुम्हाला कळणार नाही. बसने जा."

"नातू वाचला तर पायी येईन, असा नवस बोललोय, बाय. तो वाचला. आता बसने कसा जाऊ?"

काकू उठून पुढे आल्या. त्यांनी चप्पल काढून स्वतःचा पाय तिच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला.

"यांच्या वाटचं मी चालते. माझे पाय तपास."

"तू? जिना चढताना धापा टाकतेस."

"तुम्ही बसने पुढे जाऊन पाणी घेऊन थांबा. धापा मी टाकीन."