न भागणारी संख्या

“मुलगी द्यायची नाही म्हणून सांग आणि वाटेला लाव,” अण्णा म्हणाले.

पोलादपूरच्या लोकलबोर्डाच्या शाळेतला गंगाधर मास्तर ओटीवर मान खाली घालून बसला होता. सरोजला मागणी घालायला एकटाच आला होता. आणखी कोण येणार? पोरकं पोर, महाडात घरोघर वार लावून जेवलेलं. अण्णांना तेच खुपत होतं, आणि घरात सरोजच्या या थोरल्या काकांपुढे कुणाची प्राज्ञा!

दाराआड सरोज जीव मुठीत धरून उभी होती. आता वडील तरी काही बोलतील, एवढीच आशा.

यज्ञेश्वरपंत बोलले. न बोलते तर बरं झालं असतं!

“नुसतं नाही कशाला म्हणायचं, अण्णा? याला एकं-दहं मीच शिकवलं, सुपाऱ्या मांडून. आज परीक्षाच घेऊ.” त्यांनी पाटीवर लिहिलं : ४२९४९६७२९७. “दोनाचा बत्तिसावा घात, वर एक. एक आणि ती स्वतः सोडून कुठल्या संख्येने हिला निःशेष भाग जातो, ते दिवेलागणीपर्यंत सांग. सांगितलंस तर सरोज तुझी.”

अण्णा चपापले. “आणि गेला भाग तर?”

“एका थोर फ्रेंच गणित्याने ही अविभाज्य मानली होती.”

“मग माझाही शब्द!” अण्णा हसले.

पाहुणा रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून पंतांनी स्वतःच ताट भरलं. सुपाऱ्यासुद्धा मोजून ठेवल्या.

“अहो, हळकुंडं पाच ठेवावीत,” पंतांच्या पत्नी कालिंदीबाई कुजबुजल्या.

“शुभाला पाच. इथे कसलं शुभ? चार पुरेत.”

सरोजला रडू फुटलं. नकार तो नकार, वर हा अपमान!

ती दिवसभर जेवली नाही. चुलीपुढे कोळशाने भागाकार मांडत बसली. तीन, सात, अकरा, तेरा. दर वेळी बाकी. चारशे एकोणतीस कोटींच्या वरची संख्या, आणि कुठे म्हणून चीर नाही! रडता रडता तिला त्या संख्येचं नवल वाटलं, भीतीही वाटली. बापाचा मात्र संताप आला.

दिवे लागले तसा गंगाधर आला. हातात तेच ताट, वर रुमाल. ताट खाली ठेवून त्याने पाटीवर लिहिलं : ६४१. त्याखाली ६७००४१७.

अण्णांनी स्वतः गुणाकार केला. पुन्हा केला. एकेक आकडा जागेवर येत गेला.

“अगागा! एवढा डोंगर, आणि बरोबर इथेच कसा फुटला रे?”

“वीरेश्वराच्या देवळात बसलो होतो.”

अण्णांनी पाटीला हात जोडले. “देवच बोलला म्हणायचा! शब्द दिला तो दिला. सरोज, गूळ आण.”

सरोज गुळाची वाटी घेऊन आली, तेव्हा गंगाधर पंतांच्या पायांवर वाकला होता.

“ताट परत का आणलंस?” पंतांनी हळूच विचारलं.

“मोडवेना, गुरुजी,” तोही हळूच म्हणाला. “सहा सुपाऱ्या, चार हळकुंडं, एक नारळ. तुम्ही मांडलंत तसंच आहे सगळं.”