मोहाखालची सतरंजी

ग्रामसभेसाठी दोनदा दवंडी पिटली आणि दोन्ही वेळा सरपंच इस्तारीने रिकामी सतरंजी गुंडाळून ठेवली. तिसरीही सभा फसली तर विहिरीचं काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. "लोकायलेच विहीर नको हाये," तो करवादला. सदस्य गोकुळाबाई हसली. "मोहफुलं पडून राह्यले, भाऊ. ते वेचनं टाकून कोन येईन? सभाच तिकडे न्या." तिसऱ्या खेपेला तालुक्याचे साहेब आले तर पंचायतीला कुलूप. विचारत विचारत ते जंगलात पोचले. मोहाखाली टोपल्या बाजूला ठेवून गाव बसलं होतं. पंचायतीची पायरी कधी न चढलेल्या सुना विहिरीच्या जागेवरून तावातावाने भांडत होत्या. "सभा अशी जंगलात?" साहेबांनी विचारलं. "गाव इथी हाये, साहेब," इस्तारी ताठ मानेने म्हणाला. सतरंजीवर बोटभर जागा उरली नव्हती. साहेबांनी बूट काढले आणि मातीतच मांडी घातली.