कौतिकचं लग्न

रुईची फांदी घरात येऊ देणार नाही, असं सांगून सोजरबाई उंबऱ्यातच बसली होती. फांदी हातात घेऊन तिचा दीर यादव अंगणात उभा, समजावून समजावून थकलेला. तिचा एकुलता एक पोरगा कौतिक समुद्रापार बसऱ्याच्या लढाईत पडला, तिकडंच पुरला, एवढं सरकारी माणूस सांगून गेला होता. आता दर्भाचा पुतळा करून तोच कौतिक मानायचा. बिनलग्नाचा गेला म्हणून आधी त्याचं रुईशी लग्न लावायचं आणि मग तापीच्या काठी त्याला अग्नी द्यायचा. त्याशिवाय पोराला गती नाही, असं वामनभटजींचं म्हणणं. भटजी सकाळपासून ओट्यावर ताटकळले होते आणि फोपनार गावच्या निम्म्या बायका अंगणात जमल्या होत्या.

सोजरबाईचं एकच चाललं होतं. परक्या मातीत का होईना, पोरगा कुठंतरी आहे. हा गवताचा एकदा जळला की काहीच उरलं नाही. अजून केळीच्या बागेत कुणी कौतिकसारखी शीळ घातली की ती हातातलं काम टाकून दाराशी यायची.

तेवढ्यात शेजारची रंभा मागच्या दारानं आत आली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, चांदनी गावच्या चांगल्या घरात. तिनं सोजरबाईला आत ओढलं आणि हात पुढं केले. हातातल्या हिरव्या बांगड्या कौतिकनं बुधवाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या होत्या. पलटणीत जायच्या आधी दोघांनी महादेवापुढं एकमेकांना हार घातले होते आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"काकी, त्याचं लगीन झालंय," रंभा म्हणाली. "या बांगड्या फोडा अन् मले घरात घ्या. आपण दोघी राहू."

सोजरबाईनं तिला पोटाशी धरलं. ज्याच्याशी कौतिकबद्दल बोलावं असं माणूस आपण होऊन घरात आलं होतं. तो कसा हसायचा, कशावरून रुसायचा, हे आता रोज बोलता येणार होतं. देवानं अर्धा पोरगा परत दिला, असं तिला वाटलं. पोरीला सोडवेना.

मग तिनं रंभाच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं. कौतिक पोटात होता तेव्हा सोजरबाईचं कुंकू पुसलं गेलं होतं. त्यांच्या जातीत विधवेला दुसरं घर नव्हतं. त्यानंतरचे दिवस कसे गेले, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं डोळे पुसले, रंभाचा हात धरला आणि तिला अंगणात बायकांमध्ये नेऊन उभं केलं.

"भाऊजी, रुई आणा," ती यादवला म्हणाली. "माझा कौतिक बिनलग्नाचाच गेला."

भटजी लगबगीनं उठले. सोजरबाईनं ताटातल्या अक्षता उचलल्या आणि रंभाच्या मुठीत कोंबल्या.

"घे, रंभे. शेजारची पोर आहे तू. तूबी टाक."