स्पीकरखालचे पॅड

"ऐका, ऐका! गाण्यामागचा तंबोरा कसा खुललाय!" स्पीकरखाली बसवलेल्या महागड्या रबरी पॅडचं बाबा मित्रांपुढे कौतुक करत होते.

शर्वरीला हसू आवरेना. सकाळीच काढून लपवलेले पॅड तिने सगळ्यांसमोर नाचवले. "बाबा, फसलात की नाही!"

"पोरीनं विकेट काढली राव तुझी!" दातारकाका ओरडले. हशा पिकला. शर्वरी तर हवेतच! बाबाही हसले.

मित्र गेल्यावर ते हळूच म्हणाले, "शरू, वर्षभर मला तंबोरा ऐकूच येत नव्हता गं. वाटलं, स्पीकरचा दोष. हे पॅड बसवले आणि वाटलं, आला ऐकू! म्हणजे भासच तो. कानच गेलेत माझे."

"मला तरी कुठे नीट येतो ऐकू?" शर्वरी खोटंच म्हणाली, पण मान वर करून म्हणणं काही जमलं नाही.