पिकलेल्या केळ्यांच्या रेघा

सातिवलीच्या आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी मशीनमध्ये आधी नुसतं शुद्ध सॉल्व्हंट सोडतात. स्क्रीन कोरी यायला हवी.

त्या दिवशी पिकलेल्या केळ्यांच्या वासाच्या रेघा उमटल्या. मशीन रेणू फोडतं, दर तुकड्याची स्क्रीनवर एक रेघ उमटते; तुकड्यांच्या वजनावरून आम्ही रेणू ओळखतो. फुटताना एखादा हायड्रोजन आपला तुकडा सोडून दुसऱ्याला जाऊन चिकटतो. तीही रेघ होती.

माझ्या नवऱ्याच्या, चंद्रहासच्या, शर्टांना हाच वास असायचा. निर्मळला आमची केळीची वाडी. पावसाळ्यात तो कळंबच्या समुद्रात बुडाला.

"तो आलाय गं माझ्यासाठी," मी संपदाला म्हटलं. लॅबमध्ये तीच माझी जिवाभावाची मैत्रीण. "वेडी आहेस का!" म्हणत तिने मला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून संपदा रजेवर गेली. बाटली तीच, मशीन तेच, स्क्रीन मात्र कोरी. मी त्याला हाका मारल्या, रडले. कोरीच.

सोमवारी मी एकटीच होते. बाहेर संपदाची चप्पल वाजली आणि रेघा उगवल्या. ती जवळ येत गेली तशा त्या उंच होत गेल्या.

दारात ती थांबली. तिने मला पाहिलं नव्हतं. मागच्या रिकाम्या पॅसेजकडे वळून ती लाडात पुटपुटली, "अहो, इथे नको म्हटलं होतं ना."