हात बाजूला

“माझ्याआधी इथं एकही बाई शिकवायला नव्हती, हे तुम्ही धडधडीत खोटं सांगितलंत, साहेब.” हंसा तरेनं प्राचार्यांना तोंडावर सुनावलं.

ठाणे-वसईच्या चार प्राध्यापिकांना जमवून ती दर शनिवारी बोईसरच्या आपल्या तंत्रनिकेतनात विजेचे नवे प्रयोग बसवायची. “हात बाजूला?” असं ती विचारी, आणि प्रत्येकीनं “बाजूला” म्हटल्याशिवाय स्विचला बोट लावत नसे. आज चौघींनी उत्तर दिलं. मग मशीनमागून, जिथं कोणीच नव्हतं तिथून, सातपाटीच्या कोळी बोलीत एका बाईचा आवाज आला, “थांब गो बाय, माजा हात अजून आत हाय.”

एकटी असती तर साहेबांनी तिला वेडी ठरवलं असतं. पण चौघींनी ऐकलं होतं, आणि चौघी आता तिच्यामागे प्राचार्यांच्या दारात उभ्या होत्या.

“सांगा साहेब, तिला न विचारता स्विच कोणी दाबला?”