बिनपॉलिशचे बूट

सकाळपासून चौथ्यांदा सॅक भरली. आधी हुकूम आला, वरच्या चौकीवर जायचं. मग रद्द. मग जायचं, पण तंबू न घेता. मग तंबू घेऊन, पण उद्या. आणि दर वेळी सुभेदार घोरपडे आम्हाला बर्फात उभं करून बूट तपासणार.

"धुमाळ, पॉलिश कुठंय?"

"साहेब, गुडघाभर बर्फात बूट बघणार कोण?"

"मी!"

या उलट उत्तरापायी सॅकसकट चौकीभोवती पळालो, ते वेगळंच.

दुपारी पाचवा हुकूम आला. आत्ताच निघायचं. मी वैतागून बूट तसेच चढवले आणि शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो.

सुभेदारांनी बूट पाहिले. चौकीचा फोन माझ्या हातात दिला.

"घरी बोलून घे."

"साहेब, आज मंगळवार. फोन रविवारी, दोनच मिनिटं. तुमचाच नियम."

"बोल रे निवांत."

आईनं विचारलं, "आज कसा काय फोन?"

"प्लॅन बदलला," मी म्हणालो.

माझ्या मागं फोनसाठी सगळ्यांची रांग लागली होती. सर्वांत शेवटी सुभेदार उभे होते.